मोहरीचे दाणे आणि गोष्टीची पुस्तके

विद्यालयाच्या स्मरणिकेत प्रगतीचा आलेख यावा, यशवंत विद्यार्थ्यांची नावे यावीत, ज्यांच्या श्रमातून ही वास्तू उभी राहिली त्यांचे कृतज्ञ स्मरण व्हावे, हे योग्यच आहे. परंतु निवासी शाळेच्या जीवनात आणखी एक नोंद असते आणि ती कोणत्याही वार्षिक अहवालात येत नाही. वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी कार्यालयातील दूरध्वनी अवेळी वाजतो. गृहपाल एका मुलाला वर्गाबाहेर बोलावतात. तो मुलगा चार कपडे पिशवीत भरतो आणि न्यायला आलेल्या नातेवाइकाच्या मोटारसायकलवर मागे बसून गावी जातो. जलदानविधी आटोपून तो परततो तेव्हा त्याची कॉट तीच असते, पेटी तीच असते, घंटाही त्याच वेळी वाजते. घर मात्र तेच उरलेले नसते.

अशा मुलाशी आपण काय बोलतो? मराठीचा शिक्षक आणि काही वर्षे गृहपाल म्हणून मी या प्रश्नासमोर अनेकदा उभा राहिलो. आज या स्मरणिकेच्या निमित्ताने जे सांगणार आहे, त्याची सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करणे प्रामाणिकपणाचे होईल.

सहावीतील एका मुलाचे वडील ऊसतोडीच्या हंगामात परजिल्ह्यात गेले होते. तिथेच, फडाजवळच्या कोपीत, एका रात्री ते वारले. मुलगा पोहोचला तेव्हा अंत्यसंस्कार उरकलेला होता. तो परत आला त्या दिवशी सायंकाळच्या वंदनेनंतर मी सर्व विद्यार्थ्यांसमोर अनित्यतेवर बोललो. जे उत्पन्न होते ते नष्ट होते, शोक करणे व्यर्थ आहे, धैर्याने अभ्यासाला लागणे हीच वडिलांना खरी आदरांजली, असे मी पुष्कळ सांगितले. नाव घेतले नाही, पण बोलत होतो त्याच्यासाठीच. त्याने मान खाली घालून ऐकले. तो रडला नाही. माझ्या बोलण्याचा परिणाम झाला असे समजून मी समाधानाने झोपलो.

परिणाम झाला होता, पण निराळाच. त्या दिवसापासून तो बोलेनासा झाला. भोजनगृहात त्याच्या दोन्ही बाजूंच्या जागा रिकाम्या राहू लागल्या. मुले दुष्ट नव्हती. ती घाबरली होती. ज्याच्या घरी मृत्यू झाला त्याच्याशी काय बोलावे, हे त्यांना कोणी शिकवलेच नव्हते. फक्त त्याच्या गावाकडचा एक मित्र जेवणाच्या रांगेत त्याचेही ताट हातात धरून उभा राहत असे आणि काही न बोलता ते त्याच्यासमोर ठेवत असे. माझ्या तासाभराच्या प्रवचनापेक्षा ते ताट अधिक शहाणे होते, हे मला फार उशिरा कळले.

त्याच सत्रात सहावी-सातवीच्या मुलांना मी रोज रात्री अभ्यासानंतर एक इंग्रजी पुस्तक समोर ठेवून मराठीत सांगत होतो. अमेरिकन लेखक ई. बी. व्हाइट यांची १९५२ साली प्रसिद्ध झालेली ‘शार्लट्स वेब’ ही ती कादंबरी. विल्बर नावाचे डुकराचे पिल्लू आणि शार्लट नावाची कोळीण यांची ही मैत्री. विल्बरला कापणार असे ठरलेले असते. शार्लट आपल्या जाळ्यात त्याच्या कौतुकाचे शब्द विणते, लोक थक्क होतात आणि त्याचा जीव वाचतो. पण कोळिणीचे आयुष्य छोटे. जत्रेच्या मैदानातच ती अंड्यांची पिशवी विणते आणि परत फिरण्याइतकेही बळ तिच्यात उरत नाही. विल्बर ती पिशवी तोंडात जपून गोठ्याकडे नेतो. दुसऱ्या दिवशी, जत्रा उठलेल्या ओसाड मैदानात, शार्लट मरते. तिच्याजवळ कोणीही नसते.

तो प्रसंग सांगितला त्या रात्री मुले गप्प होती. दुसऱ्या दिवशी दुपारी तो मुलगा ग्रंथालयाच्या दारात आला आणि बऱ्याच वेळाने म्हणाला, “सर, इल्बरला तिथं थांबता आलं नसतं का?”

मी म्हणालो, “त्याला पिंजऱ्यात घालून नेत होते रे. थांबणं त्याच्या हातात नव्हतं.”

“पण शार्लटला राग आला असेल ना?”

“तुला काय वाटतं?”

तो पुष्कळ वेळ खिडकीबाहेर पाहत राहिला. मग म्हणाला, “नसेल आला. तिनंच त्याला जा म्हटलं.” आणि मग, पहिल्यांदाच, तो रडला. तो शार्लटसाठी रडत होता आणि वडिलांसाठीही. त्या दोन रडण्यांत भेद करण्याची गरज त्यालाही नव्हती आणि मलाही नव्हती. वडिलांनीच त्याला शाळेत धाडले होते. ‘मी तिथे नव्हतो’ हे ओझे तो महिनाभर एकटा वाहत होता, आणि मी त्याला अनित्यता शिकवत होतो.

येथे कोणी म्हणेल की अनित्यतेचा उपदेश चुकीचा आहे काय? मुळीच नाही. तो आपल्या धम्माचा गाभा आहे. प्रश्न उपदेशाच्या सत्याचा नाही, त्याच्या वेळेचा आणि वाटेचा आहे. आणि याचे उत्तर स्वतः तथागतांनी दिलेले आहे. किसा गोतमीची कथा आपल्यापैकी प्रत्येकाने विहारात ऐकली आहे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनीही तिला स्थान दिले आहे. मेलेले मूल कवटाळून औषध मागत फिरणाऱ्या त्या मातेला भगवंत काय म्हणाले, याकडे पुन्हा एकदा नीट पाहावे. मृत्यू अटळ आहे, हे तिला आधी सांगितले गेले नाही. तिला सांगितले गेले की मोहरी आण. मात्र ज्या घरात कोणीही मेलेले नाही, अशा घरातून आण. ती श्रावस्तीच्या दारोदार गेली. मोहरी प्रत्येक घरी होती; पण प्रत्येक घरात कोणी ना कोणी गेलेले होते. कुणाचा मुलगा, कुणाची लेक, कुणाचे आईबाप. त्या दारांमध्ये उभे राहून तिने दुसऱ्यांची दुःखे ऐकली आणि मगच तिच्या हातांनी ते मूल खाली ठेवले. सिद्धान्त तिला शेवटी मिळाला. आधी मिळाल्या त्या माणसांच्या कहाण्या.

माझे म्हणणे एवढेच आहे. आपल्या वसतिगृहातील दहा-बारा वर्षांचे मूल दारोदार जाऊ शकत नाही. त्याच्यासाठी चांगली बालकादंबरी हीच श्रावस्तीची गल्ली आहे. प्रत्येक पुस्तक हे एक दार; ते उघडले की आतून कोणीतरी म्हणते, “आमच्याही घरी असे झाले.” त्या वाक्याने दुःख संपत नाही, पण मूल दुःखात एकटे राहत नाही.

आणि ही रीत आपल्या परंपरेला नवी नाही. सुजात जातकात वडील वारल्यामुळे एक गृहस्थ खाणेपिणे, कामधंदा सोडून अस्थींच्या स्तूपापाशी रडत बसतो. त्याचा लहान मुलगा सुजात काही बोलत नाही. तो गावाबाहेर मरून पडलेल्या बैलापुढे चारा-पाणी ठेवतो आणि “खा, पी” असा आग्रह धरतो. पोराला वेड लागले असे ऐकून बाप धावत येतो आणि मेलेला बैल उठेल का, असे विचारतो. तेव्हा त्याचे त्यालाच उमगते. सुजाताने बापाला प्रवचन दिले नाही, त्याच्यासमोर एक गोष्ट उभी केली. जातककथा मराठीत आणणाऱ्या दुर्गाबाई भागवतांचे ऋण म्हणूनच आपण मानले पाहिजे. मात्र याच संग्रहातील उरग जातक, ज्यात तरुण मुलगा मेला तरी घरातले कोणीही रडत नाही, ते शोकाकुल मुलाला लगेच सांगू नये असे माझे मत आहे. प्रौढ साधकासाठी ते उच्च शिखर असेल. मुलाला त्यातून एवढेच ऐकू येते की रडणारे आपण कमी प्रतीचे आहोत.

निवासी शाळेतील मुलाच्या दुःखाला एक खास रूप असते, ते म्हणजे ‘मी तिथे नव्हतो’. हे रूप बालसाहित्याने फार जवळून ओळखले आहे. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या कारागृहात ‘श्यामची आई’ लिहिली. तिच्यातला श्याम शिकण्यासाठी घरापासून दूर असतो आणि तो घरी पोहोचतो तेव्हा आई गेलेली असते. ही संपूर्ण कहाणी मोठा झालेला श्याम आश्रमातील सोबत्यांना सायंप्रार्थनेनंतर रात्रीमागून रात्र सांगतो. शेवटी दुःखाला वाट मिळते ती मित्रांच्या बैठकीत. आपल्या वसतिगृहाच्या व्हरांड्यात वंदनेनंतर अशी बैठक भरवणे अवघड आहे काय?

दुसरे पुस्तक कॅथरीन पॅटरसन यांचे ‘ब्रिज टू तेराबिथिया’. ते १९७७ साली प्रसिद्ध झाले. लेखिकेच्या मुलाची बालमैत्रीण वीज पडून दगावली होती. त्या आघातातून हे पुस्तक जन्मले. गरीब शेतकरी घरातला जेस आणि गावात नव्याने आलेली लेस्ली ओढ्यापलीकडच्या रानात आपले काल्पनिक राज्य वसवतात. एके दिवशी जेस शिक्षिकेबरोबर वॉशिंग्टनला चित्रे पाहायला जातो, लेस्लीलाही न्यावे का हे तो विचारत नाही, आणि त्याच दिवशी दोर तुटून ती ओढ्यात बुडते. येथेही तेच आहे. तो तिथे नव्हता. शिवाय तिला बरोबर नेले असते तर, हा काटाही आहे. लेखिका जेसला सभ्य दुःख देत नाही. तो आधी बातमी मानतच नाही, मग चिडतो, धाकट्या बहिणीवर हात उगारतो, लेस्लीने दिलेले रंग प्रवाहात फेकून देतो. दुःख रागाचे, खोटेपणाचे, कधी निर्विकारपणाचेही सोंग घेऊन येते, हे ज्या मुलाने वाचले आहे, त्याला स्वतःची भीती वाटत नाही. आणि ज्या शिक्षकाने वाचले आहे, तो शोकग्रस्त मुलाच्या उद्धटपणाला शिक्षा करण्यापूर्वी दोनदा विचार करतो.

त्याच पुस्तकात जेसच्या वर्गाची कडक, नावडती शिक्षिका त्याला वर्गाबाहेर बोलावते. रागावण्याऐवजी ती आपल्या दिवंगत पतीविषयी बोलते. लोक तिला रडू नको, विसर असे सांगत राहिले. तिला मात्र विसरायचे नव्हते. हे वाचले तेव्हा मला वाटले, हे श्रावस्तीतलेच एक दार आहे. त्या बाईने मुलाला उपदेश केला नाही. आपल्या घरातला मृत्यू त्याला दाखवला. मी मात्र त्या संध्याकाळी माझे दार बंद ठेवले होते. माझीही आई मी शिक्षणासाठी बाहेरगावी असताना गेली होती. हे त्या मुलाला सांगायला मला दोन वाक्ये पुरली असती.

आता मैत्रीविषयी. या तिन्ही पुस्तकांत एक गोष्ट समान आहे. गेलेल्या व्यक्तीवरचे प्रेम मागे राहिलेल्याच्या हातून काहीतरी घडवते. विल्बर अंड्यांची पिशवी सांभाळतो. वसंतात पाचशे चौदा पिल्ले बाहेर पडतात, बहुतेक वाऱ्यावर उडून जातात आणि तीन त्याच्यापाशी राहतात. त्यांच्यापैकी कोणीही शार्लटची जागा घेत नाही, हे कादंबरी स्पष्ट सांगते. जेस त्या ओढ्यावर लाकडी पूल बांधतो आणि धाकट्या बहिणीला त्या राज्यात घेऊन जातो. श्याम सोबत्यांना आई सांगतो. मैत्री म्हणजे केवळ सोबत नव्हे, तर मागे उरलेले एक काम, हे मुलांना व्याख्येने कळत नाही. पुलाच्या फळ्यांनी कळते.

आपल्या इतिहासातही हे आहे. उपतिस्स आणि कोलित हे बालपणापासूनचे मित्र. ज्याला आधी मार्ग सापडेल त्याने दुसऱ्याला सांगावे, असा त्यांचा करार होता आणि उपतिस्साने तो पाळला. तेच पुढे सारिपुत्त आणि मोग्गल्लान झाले. दोघांच्या परिनिर्वाणानंतर तथागतांनी भिक्षुसंघासमोर ती सभा आपल्याला रिकामी भासते असे म्हटल्याची नोंद संयुत्तनिकायात आहे. तथागतांना शोक नव्हता, पण उणीव त्यांनी नाकारली नाही. आणि बाबासाहेब? आईच्या मृत्यूचे दुःख त्यांना अगदी लहानपणी भोगावे लागले, आणि १९२६ मध्ये राजरत्न हा लाडका मुलगा गेल्यावर त्यांनी आपले मन मोकळे केले ते सहकारी दत्तोबा पवार यांना लिहिलेल्या पत्रात. एवढा खंबीर पुरुष मित्राला पत्र लिहून रडतो. मग आपल्या दहा वर्षांच्या पोराला आपण कोणत्या अधिकाराने “रडू नकोस, मर्दासारखा राहा” असे बजावतो?

या विचारावर काही आक्षेप घेतले जातात. त्यांपैकी दोन मला महत्त्वाचे वाटतात. पहिला, सुखात असलेल्या मुलांना मृत्यूच्या गोष्टी वाचायला देऊन उदास का करावे? माझे उत्तर असे की भोजनगृहातील त्या दोन रिकाम्या जागा भरायच्या असतील तर ज्यांच्या घरी काही घडलेले नाही, त्यांनीच हे आधी वाचायला हवे. दुःखी मुलाला पुस्तक लागते त्याहून अधिक शहाणा मित्र लागतो.

दुसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे आणि तो आपल्याच समाजातून येतो. श्यामचे घर आपले नव्हे. त्या काळच्या कोकणात आपली मुले त्या अंगणाबाहेर उभी राहिली असती. अमेरिकेतला गोठा तर त्याहून दूरचा. आपल्या लेकरांनी इतरांच्या घरातली दुःखेच का वाचावीत? हा प्रश्न मी टाळणार नाही, कारण तो खरा आहे. गोतमीने एकही दार वगळले नाही, म्हणून आपणही वगळू नये, हे अर्धे उत्तर झाले. उरलेले अर्धे असे, की त्या गल्लीत आपलेही घर असले पाहिजे. ‘बलुतं’ १९७८ मध्ये आले आणि त्यानंतर आपल्या आत्मकथनांनी मराठी साहित्याचा चेहरा बदलला. परंतु ती प्रौढांसाठी आहेत. ऊसतोडीच्या कोपीत बाप गमावलेल्या, शहरातल्या वस्तीत मैत्रीण गमावलेल्या, वसतिगृहाच्या कॉटवर आजीची आठवण काढणाऱ्या मुलाची कादंबरी आपल्या कपाटात मला शोधूनही सापडत नाही. या विद्यालयातून बाहेर पडलेले कितीतरी जण आज लिहिते आहेत. ती कादंबरी त्यांनी लिहावी, ही माझी त्यांना कळकळीची विनंती आहे.

शिक्षक आणि पालक यांच्यासाठी अनुभवातून आलेल्या चार गोष्टी सांगतो. पुस्तक हे औषधाच्या गोळीसारखे मुलाच्या हातात देऊ नये. मृत्यूच्या दुसऱ्याच दिवशी तर मुळीच नाही. ते सर्वांसाठी, एरवीच, मोठ्याने वाचले जावे. ज्याला उठून जायचे असेल त्याला जाऊ द्यावे. मृत्यूचे प्रकरण दिवे मालवण्याच्या वेळी संपवू नये. त्यानंतर थोडा वेळ एकत्र बसावे. तात्पर्य लिहायला सांगू नये आणि त्यावर गुण देऊ नयेत. शिक्षकाने पुस्तक आधी स्वतः वाचावे, म्हणजे वाचताना आपला आवाज कुठे अडखळणार हे त्याला ठाऊक असेल. अडखळला तरी बिघडत नाही.

पालकांनी मुलाला खरे सांगावे. “बाबा गावाला गेलेत” असे सांगून वेळ मारून नेऊ नये, आणि अखेरच्या दर्शनासाठी शक्य तितके थांबावे. मूल लहान आहे म्हणून त्याला जलदानविधीपासून दूर ठेवू नये. आणि गोष्ट सर्व काही करते असा भ्रमही नसावा. मूल आठवडेच्या आठवडे जेवत नसेल, झोपत नसेल, स्वतःला इजा करण्याचे बोलत असेल, तर समुपदेशक व डॉक्टर यांच्याकडे जाण्यात क्षणाचाही विलंब करू नये.

शेवटी एक प्रस्ताव. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले होते. योग्य वेळी मुलाच्या हाती पडलेले एक पुस्तक काय करू शकते, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको. आपल्या घरी पुण्यानुमोदनाच्या दिवशी आपण दान देतो. शाळेलाही पंखे, घड्याळे, भांडी मिळतात आणि त्यांवर दिवंगतांची नावे असतात. त्यासोबत एक चांगली बालकादंबरीही द्यावी. पहिल्या पानावर दिवंगताचे नाव लिहावे आणि खाली दोन ओळी: ते कोण होते, आणि त्यांच्यावाचून आपल्याला काय उणे वाटते. ग्रंथालयात त्यासाठी एक कपाट मोकळे करण्याची तयारी विद्यालयाने दाखवली आहे.

म्हणजे पुढच्या वेळी अवेळी दूरध्वनी वाजेल, एखादे मूल जाऊन परत येईल आणि कधीतरी दुपारी त्या कपाटापाशी उभे राहील, तेव्हा ते जे पुस्तक उघडेल त्याच्या पहिल्याच पानावर त्याला कळेल की या घरातही कोणीतरी गेलेले आहे. मोहरी मागायला ते एकटे आलेले नाही.